कपाळापर्यंतचा फोटो

११ एप्रिल २००५

ऐन आहेराच्या वेळी कार्ड भरलं. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि कॅमेरा गप्प. नवरदेवाचा मामा नवरीला द्यायचं पातळ दोन्ही हातांवर धरून उभा, मान वाकडी करून, फोटोसाठी. मी पाठ वळवून दुसरं कार्ड घातलं तर तेही भरलेलं. परवाच्या बारशाचं. दोन्ही कार्डं दिसायला सारखीच, काळी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मामा म्हणाला, "काय झालं भालूभाऊ, मशीन रुसली का?" मंग बारशाचे चार पुसले आणि मामाचा काढला. कोणाला कळलं नाही.

रीलचं बरं होतं. काढून झालं की त्याची जीभ आत जायची. जीभ बाहेर म्हणजे कोरं, आत म्हणजे झालेलं. कोरं उजव्या खिशात, झालेलं डाव्या. वीस वर्षांत एकदा चूक नाही. या कार्डाला ना जीभ ना शेपूट.

१२ एप्रिल

बायकोनं, सुहासिनीनं, तोड काढली. ती शाळेत शिकवते, तिला सगळ्याला खुणा करायची सवय. कार्डाच्या प्लास्टिकच्या डबीवर कुंकवाचा ठिपका लावला, म्हणजे भरलेलं. फोटो कॉम्प्युटरवर उतरवले की ओल्या बोटानं ठिपका पुसायचा. "अहो, एवढं तरी राहील ना ध्यानात?" मी हसलो, पण बिलकुल सोपं आहे. आजपासून चालू.

२१ एप्रिल

लाइट नाही. दोन्ही डब्यांवर कुंकू.

७ मे

भोकरदनमधलंच लग्न होतं. मोठं कार्ड तिथंच संपलं. घरी येऊन कॉम्प्युटर लावतो तर लाइट गेलेली. वायरमनला विचारलं तर म्हणे, "उद्या सकाळी दहाला येईल, नाहीतर बाराला." उद्या सकाळी आठला मला राजूरला पोचायचंय. धर्मराजच्या पोरीचं लग्न. म्हणजे छोट्या कार्डावर भागवायचं. शंभर बसतात त्यात.

पूर्वी छत्तीसच्या तीन रिळांत आख्खं लग्न बसवायचो. एकेक फोटो तोलून. तेव्हा पुरत होतं ते आता का पुरत नाही? बटण दाबायला काही लागत नाही म्हटलं की माणूस दाबतच सुटतो. मीही त्यातलाच.

८ मे

राजूरहून येऊन बसलो. दिवस मावळायचाय अजून. अंघोळीआधी लिहून टाकतो, नाहीतर राहून जाईल.

लग्न धर्मराजच्या शेतातल्या घरापुढंच होतं. हळद चालू असताना त्याची आई, चांगुणाबाई, माझ्यामागं फिरत होती. मी जिकडं जाईन तिकडं. काहीतरी बोलायचं असावं, पण माणसं होती. शेवटी ताकाचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, माहा येक फोटू काढ. एकटीचा."

मी म्हटलं, "आजी, ग्रुपमध्ये आहात की तुम्ही."

"ग्रुपात पदर हाय. माह्या लग्नापासून जेवढे फोटू निघाले त्या समद्यात तोंडावर पदर. आधी सासरा उभा असायचा, मंग भाया, मालकाचा थोरला भाऊ. आता दोघंबी न्हाईत. आता उघड्या तोंडानं काढ. मी गेल्यावर भितीला लावतील ना, तवा लेकरांना कळाया पाहिजे आपली आजी कशी व्हती."

घरामागं लिंबाखाली नेलं मला. तोंड धुऊनच आली होती. कुंकू नवं, चांगलं रुपयाएवढं. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. पदर मागं सारून अंबाड्यावर घेतला. हातांचं काय करावं ते कळेना, मंग पोटावर ठेवले. मी एकच काढला. पडद्यावर दाखवला तर लई वेळ बघत राहिली. "ही मी व्हय? लई म्हातारी झाले की रं." आणि खुदकन हसली. ते हसणं घ्यायला पाहिजे होतं, पण तेवढ्यात नवरदेव आल्याची बोंब उठली आणि मी पळालो. पळता पळता कबूल केलं, पंधरा दिवसांत आणून देतो म्हणून.

लग्न लागलं तेव्हा कार्डात बारा शिल्लक. नवरदेवाकडची माणसं दोन ट्रक भरून आल्ती आणि प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी उभं राह्यचं होतं. मंग मी मांडवाच्या कडेला खाटेवर बसलो आणि पुसायला लागलो. पंगतीचे पाच. बँडवाल्यांचे तीन. नवरीनं डोळे मिटलेला एक. असं करत करत आजीचा आला. लिंबाच्या सावलीनं जरा काळा वाटला. ग्रुपमध्ये आहेच, म्हटलं, आणि निघायच्या आधी दुसरा काढू, त्यात काय. कॅमेरा विचारतो, नक्की पुसायचा का? हो म्हटलं.

शेजारी आजीचे मालक, कडूबा, बसले होते. सत्तरीचं माणूस. वाकून माझ्या पडद्यात बघत होते. "काय करून राह्यला, भाऊ?" म्हटलं, "जागा करतो, बाबा." त्यांनी मान हलवली आणि मला सुपारीचं खांड दिलं.

दुसरा काढायचा राहूनच गेला. पोर सासरी वाटे लावताना सगळी रडत होती. आजी तर खालीच बसली. अशात कुठं म्हणणार, उभ्या राहा लिंबाखाली म्हणून.

९ मे

साडेअकराला लाइट आली. दोन्ही कार्डं उतरवली, दोन्ही कुंकवं पुसली. कार्डं कोरी केली.

२४ मे

धर्मराजला अल्बम दिला. खूश. "एक नंबर काम, भालूभाऊ." आजीच्या फोटोचं त्यानं विचारलं नाही. त्याला ठाऊकच नसावं.

११ जून

बाजारचा दिवस. दुपारी चांगुणाबाई दुकानात आली. एकटीच. बाकड्यावर बसली, पदरानं वारं घेतलं आणि म्हणाली, "आला का रं माहा फोटू?"

"नाही आजी. जालन्याच्या लॅबमधून आला नाही अजून."

खोटं तोंडातून कधी निघालं मलाच कळलं नाही. विचारसुद्धा केला नव्हता. आणि तिला पटलं. पूर्वी रील धुवायला महिना-महिना लागायचाच, तिला वाटलं तसंच असेल.

दारातून उजेड येत होता. बरोबर तिच्या तोंडावर. कॅमेरा काउंटरवर पडलेला, कार्ड रिकामं, डबीवर ठिपका नाही. उचलायचा आणि दाबायचं, एवढंच काम. पण दुसरा कशाला म्हणली असती. पहिल्याचं काय झालं म्हणली असती. मंग सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "पुढच्या बाजारी या, तोवर येतो."

"पेरणी झाली की येते," म्हणाली. पिशवीतून पाच गावरान आंबे काढून काउंटरवर ठेवले. "नातीच्या लग्नात लई राबला तू."

आंबे गोड होते. सुहासिनीला सांगितलं नाही कोणी दिले.

१८ जून

आज बाजार. आली नाही. कॅमेरा सकाळपासून बाहेर काढून ठेवला होता. या वेळी आली की आधी फोटो काढणार, मंग बोलणार. ठरवलं आहे.

२५ जून

आली नाही. राजूरकडं पाऊस चांगला आहे म्हणतात.

१० जुलै

आता पुढच्या आठवड्यात मीच जाऊन येतो राजूरला. बस काय, सारखी चालूच असते.

२४ ऑगस्ट

धर्मराज आल्ता. डोकं भादरलेलं. मी काही विचारायच्या आत त्यानं सांगितलं, "आई गेली परवा."

ताप आल्ता म्हणे. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी जालन्याला न्यायला जीप सांगितली, जीप यायच्या आत संपलं.

बाकड्यावर बसला. तिथंच, जिथं ती बसली होती. म्हणाला, "भालूभाऊ, आईनं सांगून ठेवलंय. भोकरदनच्या भावाकडं माहा एकटीचा फोटू हाय म्हणे, उघड्या तोंडाचा. तापातबी त्येच. तेराव्याला लावायचाय. मोठा करून दे. आमच्या घरी तिचं तोंड दिसंल असा येकबी न्हाई. मतदानाच्या कार्डावर हाय तर निस्ता काळा डाग."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आहे. शोधून ठेवतो."

आहे म्हणालो.

२५ ऑगस्ट

सकाळपासून कॉम्प्युटरवर धर्मराजच्या पोरीचं लग्न बघून राह्यलो. शंभर फोटो. चांगुणाबाई अकरात आहे. नऊ फोटोंत पदर पार नाकापर्यंत. एकात पाठ. एकात नवरदेवाच्या फेट्याचा तुरा बरोबर तिच्या तोंडावर. भाया मेला, सासरा मेला, पण चार माणसांत उभी राहिली की हात आपोआप पदराला जातो. चाळीस-पन्नास वर्षांची सवय. म्हणून तर ती लिंबाखाली घेऊन गेल्ती मला.

आणि तो पुसायला मला एक बोट लागलं. कोणाचे ठेवले मी? नवरदेवाच्या मामेभावाच्या दोस्तांचे. काळे चष्मे घालून उभे आहेत, सहा फोटोंत तेच.

सुहासिनीला सगळं सांगितलं. आंब्यांचंसुद्धा. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली. "पुसला ही चूक झाली. पण जूनमध्ये ती बाई समोर बसली होती ना तुमच्या?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "उद्या राजूरला जा आणि खरं सांगून या." मी म्हटलं, बघतो. ती परत थापायला लागली.

२७ ऑगस्ट

राजूरला नाही गेलो. औरंगाबादला गेलो.

सुहासिनीचा मावसभाऊ मुकुंद तिथं कॉम्प्युटरचं काम करतो. त्याच्याकडं पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर आहे. त्यानं कार्ड घेतलं, विचारलं, "यानंतर किती फोटो काढलेत यावर?" म्हटलं, चार लग्नं, एक साखरपुडा. तो चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "भाऊजी, पुसलं की लगेच जात नाही. नुसती पाटी कोरी दिसते, आत असतं. तुम्ही त्याच्यावर नवं लिहिलं की मग जातं. पुसल्या पुसल्या कार्ड बाजूला ठेवलं असतं तर आख्खा मिळाला असता."

म्हणजे त्या दिवशी, खाटेवर, तो तिथंच होता. मीच वरून मामेभावाचे दोस्त काढले.

तीन तास लागले. एकेक करून यायला लागले. बँडवाला आला, गाल फुगवून, आख्खाच्या आख्खा. पंगतीतला एक म्हातारा आला. बारशाच्या पाळण्याचा एक दांडा आला. मंग मुकुंद म्हणाला, "ह्या का?"

लिंबाची पानं. डोक्यामागचा पदर, हिरव्या काठाचा. पांढऱ्या केसांची पट्टी. कपाळ. कुंकू. आणि कुंकवाखाली राखाडी. सरळ पट्टीनं आखल्यासारखी रेघ आणि तिच्याखाली नुसता राखाडी रंग, तळापर्यंत. डोळेसुद्धा नाहीत. भुवया पण अर्ध्याच.

मुकुंदनं चार वेळा करून बघितलं. तेवढंच येतंय. कपाळापर्यंत.

बसमध्ये खिडकीशी बसून रडलो. शेजारच्यानं विचारलं, कोणी गेलंय का? हो म्हटलं.

२८ ऑगस्ट

धर्मराजचा फोन. "सापडला का?" म्हटलं, सापडला, साफ करून राह्यलो.

हे का म्हणालो? कपाळ तर सापडलंय, असं मनाशी म्हणालो. स्वतःची लाज वाटते.

३० ऑगस्ट

केलं.

लग्नातला एक्केचाळीस नंबरचा फोटो. पंगतीतले पाच पुसले तेव्हा हा एक राहिला होता. त्यात गिरिजाबाई आहे, चांगुणाबाईची पाठची बहीण, आष्टीला दिलेली. बुंदी वाढता वाढता कोणीतरी हाक मारली म्हणून वर बघते. तोंड उघडं. बहिणीच त्या, ठेवण तीच. मी तिचे डोळे, नाक, तोंड घेतलं आणि त्या रेघेखाली बसवलं. रंग जुळवला. गाल जरा आत घेतले. हनुवटीवर तीन ठिपके दिले, आठवून. वरचं कपाळ, कुंकू, पदर खरा. खालचं माझं.

ही कला मला चांगली येते. गेलेल्या माणसाला कोट घालायचा, टोपी घालायची, ग्रुपमधून एकटं काढायचं, हे मी दहा-दहा घरी केलंय आणि लोकांनी हात जोडलेत. पण तोंड माणसाचं असायचं. एवढं एक होतं.

सुहासिनी मागं येऊन उभी राहिली. लई वेळ बघत होती. "हुबेहूब आहे," म्हणाली. आणि आत गेली. 

३ सप्टेंबर

तेरावा. फोटो घेऊन मीच गेलो, फ्रेम करून. वाटलं होतं कोणीतरी माझं खोटं धरेल. बसमध्ये गुडघ्यावर उलटा धरून बसलो होतो, काच आत.

पाटावर ठेवला, हार घातला. धर्मराजची बायको नंदाबाई बघता क्षणी हंबरून रडली. "आत्याबाई आता बोलत्याल असं वाटतं." धर्मराजनं माझा हात धरला, सोडेचना. नातवंडं एकेक करून पाया पडली. सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, "आजीनं पदर न्हाई घेतला." नंदाबाई म्हणाली, "आता कोणापुढं घ्यायचा, बाई."

कडूबा दाराशी बसले होते. सगळे झाल्यावर उठले, काठी टेकत आले. फोटोसमोर उभे राहिले. काचेवर हात ठेवला, पंजा कपाळावर. खाली घेतला नाही. तसेच उभे, किती वेळ. मंग जाऊन परत दाराशी बसले. माझ्याकडं बघितलं नाही.

म्हातारपणानं डोळे अधू झालेत, म्हटलं. बरं झालं.

मी हे 'बरं झालं' लिहिलं. खोडत नाही. राहू दे.

४ सप्टेंबर

सुहासिनीनं विचारलं, जेवण कसं होतं. बरं होतं, म्हटलं.

२ नोव्हेंबर

दिवाळी. कॅमेऱ्याची पूजा. सुहासिनीनं डब्यांवर हळदकुंकू वाहिलं. मला तो ठिपका बघवत नाही आता. म्हटलं, भरलेल्या कार्डाला दोरा बांधू, कुंकू नको.  तिनं लाल दोरा आणून दिला.

१९ फेब्रुवारी २००६

पुन्हा हंगाम. एका लग्नात कार्ड भरलं. मी मांडवात उभा राहून सांगितलं, आता फोटो बंद, जागा नाही. नवरदेवाचा बाप तापला, "म्हंजे? पुसा की जुने!" म्हटलं, मी पुसत नाही. "लई आला नियमवाला," म्हणाला. म्हणू दे.

नियम आता करून काय उपयोग.

१२ ऑगस्ट २००६

चांगुणाबाईचं वर्षश्राद्ध. बोलावणं होतं, न जाऊन चालणार नव्हतं.

गिरिजाबाई आष्टीहून आल्ती. तेराव्याला ती आजारी होती म्हणून आली नव्हती, फोटो आज पहिल्यांदा बघितला. मी ताटावर होतो. ती भिंतीसमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "अगं बाई. ताई तर पार माझ्यासारखी दिसाया लागली व्हती."

सगळे हसले. नंदाबाई म्हणाली, "पाठच्या बहिणी तुमी, दिसणारच." मला ठसका लागला. पाणी प्यालो. कडूबा समोर बसले होते, त्यांनी तांब्या माझ्याकडं सरकवला. "सावकाश," म्हणाले. तेवढंच.

निघताना गिरिजाबाई मला म्हणाली, "भाऊ, माझाबी येक काढून ठेव की तसा." मी म्हटलं, तुमचा आहे माझ्याकडं.

७ जानेवारी २००७

आज खरं सांगायला गेल्तो. सुहासिनीला सांगून गेलो, म्हणजे माघारी फिरता येणार नाही. आधी राजूरच्या गणपतीला नारळ फोडला, मंग शेताकडं चालत गेलो.

कडूबा एकटेच घरी. बाकीचे कापसाला. त्यांनी चुलीवर स्वतः चहा केला, बशीत ओतून दिला. समोर भिंतीवर ती. काच रोज पुसत असावेत, लखलखीत होती. कपाळाच्या जागी मात्र धुरकट, बोटांचे ठसे.

मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "सांग की." मी फोटोकडं बघितलं. सांगितलं तर काय? घरातल्यांचं हे पण जाईल. सोळा महिने ज्याला हात जोडले ते आष्टीच्या मावशीचं तोंड निघेल. का हे पण मी स्वतःसाठीच शोधलेलं निमित्त आहे? ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही.

"कापूस कसा आहे यंदा?" असं विचारलं.

"बरा हाय," म्हणाले. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

घरी आल्यावर सुहासिनीनं तोंडावरूनच ओळखलं. "नाही ना झालं?" नाही.

१६ फेब्रुवारी

नवं कार्ड आलं. एकात आठशे फोटो बसतात. तीन लग्नं घातली तरी भरत नाही. दुकानातला म्हणाला, "आता पुसायची कटकटच संपली."

लिंबाखालचा तो एक फोटो. त्यानं किती जागा घेतली असती.

१४ मार्च २००७

कडूबा आले. एकटेच, बसनं. नवं धोतर, नवा पटका. त्याच बाकड्यावर बसले. "माहा येक फोटू काढ, भाऊ. एकट्याचा." काढला. पडद्यावर दाखवला. बघितला, मान हलवली. मंग म्हणाले, "भितीवर कपाळ तेवढं तिचं हाय. मी रोज तेवढ्यालाच हात लावतो." काठी घेतली, उठले, दारात थांबले. "ह्यो मात्र पुसू नको. जागा लागली तरी."